जुन्या मिनीबाइकचा गव्हर्नर : ठेवावा की काढावा?

इंजिनावरचा भार कमी-जास्त झाला तरी त्याची गती ठरलेल्या मर्यादेत ठेवणाऱ्या यंत्रणेला गव्हर्नर म्हणतात. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसवला आणि जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ मध्ये अशा यंत्रणांच्या स्थैर्याचे गणित मांडले. महाराष्ट्रात विहिरीवरचे ऑइल इंजिन ज्यांनी हाताळले आहे, त्यांना हा भाग परिचयाचा आहे. अमेरिकेत १९६० आणि १९७०च्या दशकांत विकल्या गेलेल्या मिनीबाइकच्या छोट्या पेट्रोल इंजिनातही तोच बसवलेला असे.

मिनीबाइकची रचना अगदी साधी. वाकवलेल्या नळ्यांची वेल्डिंग केलेली चौकट, सहा इंची रिमची चाके, केंद्रोत्सारी क्लच, त्यावरून मागच्या चाकाला जाणारी चेन, आणि मधोमध गवत कापण्याच्या यंत्रावर किंवा पाण्याच्या पंपावर असते त्याच जातीचे एक सिलिंडरचे इंजिन. ओहायोतील मॅन्सफील्ड येथील रुप कंपनीच्या रोडस्टरवर टेकम्सेचे चार अश्वशक्तीचे एचएस-४० इंजिन असे. या कंपनीचा संस्थापक मिकी रुप १९६५ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत सहावा आला होता. इतर अनेक गाड्यांवर मिलवॉकीच्या ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचे तीन किंवा पाच अश्वशक्तीचे इंजिन दिसते. ही इंजिने मुळात वाहनासाठी घडवलेली नव्हती. जनरेटर, पंप, कापणीयंत्र अशा कोणत्याही कामाला जुंपता यावीत, म्हणून ती मिनिटाला ३६०० फेऱ्यांच्या हिशेबाने बांधलेली होती. अमेरिकेतील वीज ६० हर्ट्झची असल्याने दोन ध्रुवांचा जनरेटरही नेमका याच गतीने फिरवावा लागतो.

या गाड्या आज हौशी मंडळी शोधून काढतात, दुरुस्त करतात आणि चालवतात. तिथेच मतभेदाला तोंड फुटते. गव्हर्नर बाजूला सारून इंजिन मोकळे सोडावे, असे एक मत. तो नीट जुळवावा पण काढू नये, असे दुसरे. या लेखात पहिले मत पूर्वपक्षाच्या आणि दुसरे उत्तरपक्षाच्या तोंडी घातले आहे.

यंत्रणा

या इंजिनांत गव्हर्नरचे दोन प्रकार आढळतात. काही लहान इंजिनांत तो हवेवर चालतो. फ्लायव्हीलच्या पात्यांनी ढकललेली हवा झाकणाखालच्या एका पातळ पट्टीवर आदळते. गती वाढली की झोत वाढतो, पट्टी सरकते आणि कार्ब्युरेटरचे थ्रॉटल मिटू लागते. दुसरा प्रकार यांत्रिक. क्रँककेसमध्ये कॅमच्या गिअरवर फिरणाऱ्या एका छोट्या गिअरला वजने जोडलेली असतात. गती वाढली की ती बाहेर फाकतात आणि एका चकतीला पुढे ढकलतात. चकती एक बारीक शाफ्ट वळवते, तो क्रँककेसबाहेर येऊन एका दांडीला हलवतो, आणि दांडी लिंकच्या तारेने थ्रॉटल मिटवते.

दोन्ही प्रकारांत गव्हर्नरच्या विरुद्ध बाजूने एक स्प्रिंग ओढत असते. गव्हर्नर थ्रॉटल मिटवतो, स्प्रिंग ते उघडते. मुठीची केबल मूळ जोडणीत थेट थ्रॉटलला नसते, ती या स्प्रिंगचा ताण बदलते. म्हणजे चालक हवी ती गती सांगतो, आणि ती राखण्यासाठी थ्रॉटल किती उघडायचे हे गव्हर्नर ठरवतो. मूठ पूर्ण पिळून इंजिन बंद ठेवले, तर थ्रॉटल सताड उघडे दिसते. हे अनेकांना चमत्कारिक वाटते, पण योग्य स्थिती तीच आहे.

वेगाचा हिशेब

पूर्वपक्ष : हा पुर्जा कापणीयंत्रासाठी ठीक आहे. गाडीवर चालक बसलेला असतो, त्याच्या हातात मूठ असते. मोटरसायकलवर कोणी गव्हर्नर लावत नाही. केबल सरळ थ्रॉटलला जोडली की मूठ जितकी पिळावी तितके इंजिन बोलते. गव्हर्नर असला की मुठीचा आणि इंजिनाचा मेळ सैल वाटतो, आणि इंजिन रंगात येते न येते तोच दम सोडते.

उत्तरपक्ष : मोटरसायकलचे इंजिन तिच्या गतीसाठी घडवलेले असते, हे तसे नाही. आधी मिळणार काय ते पाहू. क्लचला १० दाते, मागच्या स्प्रॉकेटला ६० दाते आणि टायरचा व्यास सुमारे १२ इंच धरा. इंजिनाचे ३६०० फेरे म्हणजे चाकाचे ६०० फेरे. गाडी ताशी सुमारे साडेचौतीस किलोमीटर धावेल. इंजिन ५००० फेऱ्यांवर नेले तर वेग सुमारे ४८ होईल.

पूर्वपक्ष : म्हणजे एक पैसा न खर्चता साडेतेरा किलोमीटरचा लाभ. हा थोडा म्हणता येईल का?

उत्तरपक्ष : थोडा नाही, फुकटही नाही. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ३६०० वरून ५००० वर गेल्यावर ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा १.९३ पट होते. आणि ब्रेक कोणता? स्वस्त गाड्यांत मागच्या टायरवर दाबली जाणारी लोखंडी पट्टी! टायर ओला झाला की तीही घसरते. पुढच्या चाकाला बहुधा ब्रेक नसतो, आणि कित्येक गाड्यांत मागे स्प्रिंगचे निलंबनही नसते.

पूर्वपक्ष : ब्रेक बदलता येतो. बँड किंवा डिस्क ब्रेक बसवला की हा आक्षेप संपला.

उत्तरपक्ष : ब्रेकपुरता संपला, इंजिनापुरता तो आता सुरू होतो.

इंजिनाच्या आत

ब्रिग्जच्या पाच अश्वशक्तीच्या जुन्या साइड-व्हॉल्व्ह इंजिनात सिलिंडरचा व्यास २ ९/१६ इंच आणि पिस्टनची धाव २ ७/१६ इंच, म्हणून घनफळ सुमारे २०६ घनसेंटिमीटर. कनेक्टिंग रॉड ओतीव ॲल्युमिनियमचा असतो. त्याच्या मोठ्या टोकाला वेगळे बेअरिंग नसते, ॲल्युमिनियमच थेट क्रँकवर फिरते. तेलाचा पंप नसतो. रॉडच्या टोपीला जोडलेला चमच्यासारखा भाग प्रत्येक फेऱ्यात तळातल्या तेलात बुडतो आणि तेल उडवतो, वंगणाची सारी भिस्त त्यावर. ३६०० फेऱ्यांना पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ७.४ मीटर असतो, ५००० ला तो १०.३ आणि ६००० ला १२.४ मीटर होतो.

पूर्वपक्ष : सेकंदाला बारा मीटर हा काही फार मोठा आकडा नाही. साध्या मोटरसायकलचे पिस्टनही याहून जोरात धावतात.

उत्तरपक्ष : वेगाने रॉड तुटत नाही, दिशाबदलाने तुटतो. पिस्टन वर जाऊन थांबतो आणि उलट फिरतो, तेव्हा रॉडवर येणारा ताण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ५००० ला तो ३६०० च्या १.९३ पट, ६००० ला २.७८ पट. त्यातही एक्झॉस्टच्या धावेअखेरीचा क्षण सर्वांत वाईट. कॉम्प्रेशनच्या वेळी दाबलेला वायू पिस्टनला वरून थोपवतो. एक्झॉस्टच्या वेळी व्हॉल्व्ह उघडा असतो, थोपवणारे काही नसते आणि सगळा हिसका रॉडच्या टोपीवर आणि तिच्या दोन बोल्टवर येतो. पन्नास वर्षांच्या जुन्या रॉडमध्ये आधीची बारीक चीर असेल तर ती तिथेच वाढते. रॉड तुटून क्रँककेसला भोक पडले की इंजिन भंगारात.

पूर्वपक्ष : पण याच इंजिनांवर लोकांनी कार्टच्या शर्यती केल्या. अमेरिकेत वर्ल्ड कार्टिंग असोसिएशन १९७१ मध्ये स्थापन झाली, आणि ब्रिग्जच्या पाच अश्वशक्तीच्या इंजिनाचे वर्ग पुढे कित्येक वर्षे गाजले. तिथे गव्हर्नर नसे. मग तीच इंजिने टिकली कशी?

उत्तरपक्ष : टिकवण्यासाठी आतले पुष्कळ बदलले म्हणून. अखंड ठोकळ्यातून कापलेले रॉड, कडक व्हॉल्व्ह-स्प्रिंग, तपासून घेतलेले फ्लायव्हील, ठरावीक तासांनंतर इंजिन उघडून केलेली पाहणी. आणि एवढे करूनही इंजिने फुटत. शर्यतीतला माणूस ते गृहीत धरून खर्च करतो. त्याच्या इंजिनाचा दाखला देऊन मूळ रॉडचे इंजिन पळवणे म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर उदार होणे.

पूर्वपक्ष : मूळ व्हॉल्व्ह-स्प्रिंग मऊ असतात. एका मर्यादेनंतर व्हॉल्व्ह वेळेवर बसत नाहीत, इंजिनाची ताकद गळते आणि ते पुढे जातच नाही. साइड-व्हॉल्व्ह रचनेत व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असतात, त्यामुळे ते पिस्टनवर आपटत नाहीत. हा निसर्गतः मिळालेला गव्हर्नरच झाला की.

उत्तरपक्ष : ही मर्यादा स्प्रिंगच्या वयावर ठरते, आणि ती रॉडच्या मर्यादेआधी येईल याची हमी कोणी देत नाही. फ्लायव्हीलचेही तेच. ओतीव फ्लायव्हीलला किल्लीच्या खाचेजवळ चीर गेलेली असू शकते. ते फुटले तर वरचे पातळ पत्र्याचे झाकण तुकडे अडवत नाही, आणि मिनीबाइकवर ते चालकाच्या पायांमध्ये असते.

पूर्वपक्ष : सावध माणूस मूठ पूर्ण पिळणारच नाही.

उत्तरपक्ष : मुठीचा संयम भार असेपर्यंत कामाचा. चेन तुटली, उंचवट्यावरून मागचे चाक हवेत गेले, तर भार क्षणात नाहीसा होतो आणि उघड्या थ्रॉटलवर इंजिन सुसाट सुटते. हात मागे घेईपर्यंत ते भलतीकडे पोहोचलेले असते. गव्हर्नर तेवढ्यात थ्रॉटल मिटवतो. सपाट रस्त्यावरचा वेग रोखणे हे त्याचे दुय्यम काम आहे. भार गेलेल्या इंजिनाला आवरणे हे मुख्य.

जुळवणी

गव्हर्नरवर राग धरण्याचे खरे कारण बरेचदा त्याची बिघडलेली जुळवणी असते. वर्षानुवर्षांच्या हाताळणीत दांडी शाफ्टवर सरकते, स्प्रिंग ताणली जाते किंवा कोणीतरी भलतीच लावलेली असते, लिंक वाकते. मग इंजिन २८०० फेऱ्यांवरच अडते, किंवा भार आला तरी थ्रॉटल उघडत नाही.

यांत्रिक गव्हर्नरची मूळ जुळवणी इंजिन बंद ठेवून करतात. दांडी शाफ्टवर जिथे आवळलेली असते तिथला नट ढिला करावा. दांडी थ्रॉटल पूर्ण उघडेल त्या दिशेने नेऊन धरावी. मग शाफ्टचे टोक पक्कडीने त्याच दिशेने, अडेपर्यंत फिरवावे आणि तसेच धरून नट आवळावा. यामुळे थ्रॉटल सताड असताना आतली चकती आणि शाफ्ट यांच्यात ढिलाई उरत नाही, वजने हलताक्षणी थ्रॉटल हलते. शाफ्ट उलट दिशेने फिरवून आवळला, तर गव्हर्नर कधीच काम करत नाही आणि इंजिन सुरू होताच पळू लागते.

यानंतर सर्वांत वरची गती पाहावी. क्लच गुंतून मागचे चाक फिरू नये म्हणून चेन उतरवून ठेवावी. टॅकोमीटरची वायर प्लगच्या वायरीभोवती गुंडाळावी. येथे एक फसगत संभवते. या इंजिनांचा मॅग्नेटो प्रत्येक फेऱ्याला ठिणगी देतो, दोन फेऱ्यांतून एकदा नव्हे. टॅकोमीटर नेहमीच्या फोर-स्ट्रोकवर ठेवला तर तो ३६०० ला ७२०० दाखवतो. तो ‘एका फेऱ्याला एक ठिणगी’ या खुणेवर हवा. गती कमी भरली तर स्प्रिंगचा ताण वाढवावा. काही इंजिनांवर त्यासाठी स्क्रू असतो, काहींवर स्प्रिंगचा टेकू देणारी पत्र्याची जीभ हलकेच वाकवतात.

पूर्वपक्ष : दांडीला एकाखाली एक तीन-चार छिद्रे असतात. ती कशासाठी? स्प्रिंग पुढच्या छिद्रात घातली की गती वाढते, हे तर कंपनीनेच ठेवलेले दार आहे.

उत्तरपक्ष : दार आहे, पण चावी जपून फिरवावी. शाफ्टपासून दूरच्या छिद्रात स्प्रिंग लावली की गती वाढते आणि नियंत्रण सुस्त होते, म्हणजे भार आल्यावर इंजिन जास्त खाली येते. शाफ्टजवळच्या छिद्रात गती उतरते, नियंत्रण चपळ होते. फार चपळ झाले की इंजिन एकदा वर, एकदा खाली असे हिंदकळत राहते. कंपनीने त्या इंजिनासाठी जे छिद्र सांगितले आहे तेच प्रथम वापरावे.

पूर्वपक्ष : हिंदकळणे हाच तर मोठा जाच. सुरू केले की ‘हूं-हूं’ करत झोके खाते. गव्हर्नर काढला की थांबते, हा सर्वांचा अनुभव आहे.

उत्तरपक्ष : थांबते, पण तो चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा प्रकार होतो. झोक्यांचे नेहमीचे कारण अर्धवट तुंबलेले जेट किंवा कार्ब्युरेटर आणि सिलिंडरमधल्या गॅस्केटची गळती. मिश्रण पातळ होते, इंजिन मंदावते, गव्हर्नर थ्रॉटल उघडतो, इंजिन उसळते, तो पुन्हा मिटवतो. परीक्षा सोपी आहे. इंजिन चालू असताना थ्रॉटल बोटाने एका जागी स्थिर धरा. झोके तरीही चालू राहिले तर कार्ब्युरेटर उघडा. थांबले तर स्प्रिंग, लिंक आणि छिद्र तपासा.

गव्हर्नर काढायचाच असेल तर

पूर्वपक्ष : समजा, इंजिन सुटे आहे, मूळचे नाही, नवा रॉड घातला आहे आणि गाडी बंदिस्त मैदानातच चालवायची आहे. तरीही मनाई?

उत्तरपक्ष : तेव्हा मनाई नाही, पण काम अर्धवट सोडू नये. सर्वांत धोकादायक इंजिन अर्धा गव्हर्नर काढलेले. दांडीची लिंक सोडली आणि गव्हर्नरची स्प्रिंग तशीच ठेवली, तर ती थ्रॉटल सताड उघडते आणि मिटवायला कोणी उरत नाही. इंजिन पहिल्याच ओढीला पळते.

पूर्वपक्ष : मग क्रम काय ठेवावा?

उत्तरपक्ष : गव्हर्नरची स्प्रिंग आधी उतरवावी. थ्रॉटल मिटवणारी वेगळी परतीची स्प्रिंग लावावी, ती इतकी सशक्त हवी की केबल सुटली तरी थ्रॉटल बंद होईल. हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवून केबल ओढली जात नाही ना, ते पाहावे. आतली वजने आणि गिअर तसेच ठेवले तर वाढलेल्या गतीला ते स्वतःच फुटू शकतात, म्हणून इंजिन उघडून तेही काढावेत आणि शाफ्टचे भोक बुजवावे, नाहीतर तिथून तेल गळेल. रॉड, फ्लायव्हील आणि व्हॉल्व्ह-स्प्रिंग हे त्रिकूट वाढत्या गतीच्या दर्जाचे असावे. आणि बंद करण्याचे बटण हँडलवर, अंगठ्याच्या टप्प्यात हवे. इंजिनावरची पत्र्याची पट्टी प्लगला टेकवून बंद करायची जुनी सोय पळत्या इंजिनापुढे निरुपयोगी आहे.

पूर्वपक्ष : एवढा खर्च न करता थोडा वेग हवा असेल तर?

उत्तरपक्ष : तर दाते बदलावेत. क्लचचा १० दात्यांचा स्प्रॉकेट काढून १२ दात्यांचा बसवला, की त्याच ३६०० फेऱ्यांना वेग साडेचौतीसवरून सुमारे ४१ किलोमीटर होतो. रॉडला याचा पत्ताही लागत नाही.

पूर्वपक्ष : पण चढावर गाडी दम टाकेल.

उत्तरपक्ष : टाकेल. चाकाला मिळणारा जोर सहाव्या हिश्शाने कमी होतो, आणि केंद्रोत्सारी क्लच घसरून जास्त तापतो. सपाट जागी चालवणाऱ्याला हा सौदा परवडतो, डोंगराळ जागी नाही. तिथे पट्ट्यावर चालणारा, भाराप्रमाणे गुणोत्तर बदलणारा टॉर्क कन्व्हर्टर बरा. रुपच्या काही गाड्यांवर तो मूळचाच होता. ब्रेकचा आक्षेप मात्र इथेही लागू आहे. वेग १.२ पट झाला की ब्रेकला जिरवायची ऊर्जा १.४४ पट होते.

मूळपणाचे मोल

पूर्वपक्ष : शेवटी गाडी ज्याची, मर्जी त्याची. काचेच्या कपाटात ठेवायला कोणी मिनीबाइक घेत नाही.

उत्तरपक्ष : मर्जी खरी, पण सुटे भाग मर्जीने मिळत नाहीत. टेकम्सेच्या इंजिनांचे उत्पादन २००८ च्या अखेरीस थांबले. आता मूळचा क्रँककेस फुटला, तर दुसऱ्या जुन्या इंजिनाचा बळी देऊनच तो मिळतो. ज्या गाडीचे इंजिन, त्यावरची पट्टी आणि क्रमांक मूळचे आहेत, तिला संग्राहक अधिक किंमत देतात. वेगाची हौस असेल तर मूळ इंजिन तेल घालून, झाकून फळीवर ठेवावे आणि आजचे स्वस्त इंजिन चौकटीत बसवावे. बोल्टची जागा बहुतेकदा जुळते किंवा पट्टी लावून जुळवता येते. हौस फिटल्यावर मूळ इंजिन पुन्हा जागेवर येते.

पूर्वपक्ष : म्हणजे वेगाला विरोध नाही, मूळ इंजिनावर तो लादण्याला आहे.

उत्तरपक्ष : इतकेच.

सिद्धांत

दोन्ही पक्ष तपासल्यावर निर्णय असा निघतो. मूळ रॉड, मूळ फ्लायव्हील आणि मूळ ब्रेक असलेल्या जुन्या मिनीबाइकवर गव्हर्नर राहू द्यावा. तो नीट जुळवून, टॅकोमीटरवर पाहून, बिनभाराची गती कंपनीने त्या इंजिनाला दिलेल्या मर्यादेत, बहुधा ३६०० फेऱ्यांपर्यंत, ठेवावी. इंजिन झोके खात असेल तर आधी कार्ब्युरेटर आणि गॅस्केट पाहावेत. जास्त वेग हवा असेल तर आधी ब्रेक सुधारावा आणि मग स्प्रॉकेटचे दाते बदलावेत. गव्हर्नर काढणे फक्त त्या इंजिनाला शोभते, ज्याचे रॉड, फ्लायव्हील आणि व्हॉल्व्ह-स्प्रिंग वाढीव गतीसाठी बदलले आहेत, ज्याला परतीची स्प्रिंग आणि हँडलवर बंद करण्याचे बटण आहे, आणि ज्याच्यावर लहान मूल बसणार नाही.